सुई टोचा की, डॉक्टर!

आमच्या माणदेशात आजारांचे दोनच प्रकार आहेत : बिनसुईचे आणि सुईचे. बिनसुईचा आजार हा आजारच नव्हे. पडसे, अंगदुखी, अपचन ही मंडळी सुंठ, ओवा आणि गवती चहा यांच्यावर समाधान मानून निघून जातात. पण माणूस दोन दिवस अंथरुणाला खिळला, की त्याला एस. टी.त घालून तालुक्याला न्यायचे आणि सुई टोचून आणायचे, हा आमच्याकडचा रिवाज. 'दवाखान्यात जाऊन आलो' या वाक्याचा अर्थच 'सुई घेऊन आलो' असा आहे. सुई न देणारा डॉक्टर म्हणजे अंगारा न देणारा देवऋषी! त्याच्या दारात दुसऱ्यांदा कोण जाईल?

या विषयात माझ्या आजीचा अधिकार मोठा आहे. एकदा एका तरुण डॉक्टरने तिला नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. आजी खुर्चीवरून उठेचना. "सुई टोचा की, डॉक्टर! गोळीनं काय हुतंय?" घरी आल्यावर तिने मला तिचे वैद्यकशास्त्र समजावून सांगितले : "पोरी, गोळी जाती पोटात, सुई जाती रगतात. पोटातलं काय, भाकरीसंगं निघून जातंय."

तुम्ही म्हणाल, मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने ही वैद्यकाची वाट का धरावी? वार्षिकात एखादी पावसाळी संध्याकाळ रंगवायची सोडून सुईचा हा कसला विषय? पण आमच्या घराण्याच्या कुंडलीत ही सुई ठाण मांडून बसली आहे. आजीची तिच्यावर श्रद्धा, मामाच्या पायावर तिची खूण आणि चुलतभावाच्या रक्तात (बहुधा) तिचा प्रसाद. ज्या वस्तूने घरातल्या तीन माणसांच्या आयुष्यात हात घातला, तिची नीट चौकशी करावी असे मला वाटले, एवढेच.

सुईचा जन्म फार जुना नाही. १८५३ च्या सुमारास एडिंबरोचे डॉक्टर अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधले शार्ल प्राव्हाझ या दोघांनी, एकमेकांपासून दूर राहून, पोकळ सुई आणि पिचकारी यांचा मेळ घातला. वुडसाहेबांनी तिच्यातून दिले ते अफूचे सत्त्व, म्हणजे मॉर्फीन. दुखऱ्या नसेजवळ औषध सोडले की वेदना थांबते, हे त्यांना दिसले. अफू खाल्ली तर तिची सवय लागते, कातडीखालून दिली तर लागणार नाही, अशीही एक भाबडी आशा त्या काळी होती. पुढच्या वीसएक वर्षांत ती धुळीला मिळाली. उपचार आणि व्यसन ही दोन भावंडे सुईच्या एकाच पाळण्यात वाढली, म्हणायला हरकत नाही.

आपण सरसकट 'सुई टोचली' म्हणतो. पण टोचण्याच्या चार तऱ्हा आहेत. कातडीच्या थरातच, जवळजवळ आडवी सुई धरून द्यायची ती पहिली. आपल्या डाव्या दंडावर बी. सी. जी.चा जो वण असतो तो हिचा. कातडीखालच्या चरबीत द्यायची ती दुसरी; मधुमेहाची माणसे इन्सुलिन घेतात ती अशी. तिसरी स्नायूत, सुई सरळ उभी धरून. आणि चौथी थेट शिरेत. प्रत्येक तऱ्हेचा धोका वेगळा. इन्सुलिन रोज त्याच जागी टोचले तर तिथे गाठ धरते आणि औषध नीट लागू पडत नाही, म्हणून जागा बदलत राहावी लागते. स्नायूत अस्वच्छ सुई गेली तर गळू होते, पू धरतो. पेनिसिलीनसारखे औषध एखाद्याला सोसत नाही आणि काही मिनिटांत श्वास कोंडतो. आणि शीर? तिथे तर माघारीची वाटच नाही. गोळी दहा मिनिटे तरी पोटात विचार करीत बसते. शिरेत गेलेले औषध काही सेकंदांत हृदयापाशी पोचलेले असते. ते परत मागता येत नाही. आजी ज्याला सुईचा गुण म्हणते, तोच तिचा धोका आहे : ती थेट रक्तात जाते.

आता मामाची गोष्ट. मामा तीन वर्षांचा असताना, १९७५ च्या आसपास, त्याला ताप आला. आजोबांनी खांद्यावर घालून त्याला दवाखान्यात नेले. कमरेत सुई दिली. ताप उतरला, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोराचा उजवा पाय लुळा पडला तो पडलाच. घरात म्हणाले, 'वारं गेलं.' नवस झाले, तेलाने मालीश झाली, एका पायाची वाढ मात्र मागेच राहिली.

हे असे का व्हावे, याची दोन उत्तरे वैद्यकाच्या पुस्तकांत सापडतात. कमरेच्या खालच्या मांसल भागातून पायाकडे जाणारी एक जाड नस असते. लहान मुलाचा स्नायू तो केवढा! सुई थोडी आत-खाली गेली, की ती नस दुखावते आणि पाऊल लोंबू लागते. म्हणून तर आता तान्ह्या मुलांना लस मांडीच्या पुढच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला देतात. दुसरे उत्तर अधिक चटका लावणारे आहे. त्या काळी पोलिओचा विषाणू घरोघर फिरत असे. बहुतेक मुलांना तो काही त्रास न देताच, नाहीतर थोडासा ताप देऊन निघून जाई. पण नेमक्या त्या दिवसांत स्नायूत सुई दिली, तर विषाणू मज्जातंतूंत शिरायला वाट मिळे आणि ज्या पायात सुई, तोच पाय बहुधा लुळा पडे. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या हे ध्यानात आले होते. मामाचे यांतले कुठले, हे आता कोण सांगणार? साध्या तापाला त्या सुईची गरज होती का, हाच खरा प्रश्न. आणि तो विचारायचे त्या दिवशी कोणाला सुचले नाही. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मामाने वर्तमानपत्र घडी करून कपाटात ठेवले.

मामा शिंपी आहे. डाव्या पायाने मशीन चालवतो. तो म्हणतो, "एका सुईनं पाय घेतला, दुसरीनं पोट भरलं. कुणाला बोल लावायचा?"

मामाच्या पिढीत काचेची पिचकारी असे. जर्मनच्या डबीत पाणी, त्यात पिचकारी आणि चार सुया, खाली स्टोव्ह किंवा स्पिरिटचा दिवा. पाणी नीट वीस मिनिटे उकळले तर गोष्ट वेगळी. पण दाराशी चाळीस माणसांची रांग आणि स्टोव्ह एक. मग कंपाउंडर डबीचे झाकण उघडून वाफ आली की 'झालं' म्हणायचा. एकच सुई दिवसभर दंड बदलीत फिरायची. सुई बोथट झाली तर दगडावर घासून तिला धार लावत, असे आमच्या गावातली जुनी माणसे सांगतात.

स्वच्छतेतली एवढीशी हयगय किती महाग पडते, याचा एक दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे ती लाखोंना दिली गेली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका दिवशी १०७ माणसांना लस टोचली; त्यांतली १९ माणसे धनुर्वाताने मेली. एकोणीसही जणांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून. ठपका आला हाफकिनवर. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. मागाहून उजेडात आले ते असे : बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिले तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. लस चांगली, ती शोधणारा माणूस थोर, हेतू निर्मळ. आणि मातीत पडलेल्या एका चिमट्याने एकोणीस घरे बुडवली.

इजिप्तची कथा तर याहून मोठी. नाईलच्या कालव्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांच्या शरीरात एक कृमी शिरत असे. त्यावर तिथल्या सरकारने १९५० च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षे गावोगाव शिरेतून औषध देण्याची मोहीम चालवली. एकेका माणसाला कैक सुया; आणि काचेच्या त्याच त्या पिचकाऱ्या, धड न उकळलेल्या. कृमी हटला, पण त्याच सुयांवरून दुसराच एक विषाणू लक्षावधी लोकांच्या रक्तात शिरला. त्याला 'हिपॅटायटिस सी' असे नाव मिळायला १९८९ साल उजाडावे लागले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. गंमत अशी, की त्या कृमीवर शेवटी चालले काय, तर गोळी! आणि या नव्या आजारावरही इजिप्तने २०१८ पासून कोट्यवधी लोकांच्या तपासण्या करून, गोळ्या देऊनच मात केली. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "ती गोळी तिकडची असंल."

आता चुलतभावाविषयी लिहिते. त्याला विचारूनच लिहिते आहे. गणेशोत्सवात आमच्या गावच्या मंडळाने रक्तदान शिबिर भरवले होते. दादाने मोठ्या हौसेने रक्त दिले, बिस्किटे खाल्ली, प्रमाणपत्र भिंतीवर लावले. पंधरवड्याने रक्तपेढीतून बोलावणे आले. दिलेल्या प्रत्येक बाटलीची पाच रोगांसाठी तपासणी होते. दादाच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' निघाला. तो धडधाकट होता, आजही आहे. पण त्याचे लग्न ठरले होते, ते मोडले. मुलीकडच्यांनी स्पष्ट काही विचारले नाही. नुसते 'मुलाचं वळण कसं आहे' असे चार ठिकाणी विचारून घेतले. दादाला रोगापेक्षा ती चौकशीच जास्त लागली.

हा विषाणू कुठून आला? दादा तालुक्याच्या ज्या दवाखान्यात लहानपणापासून सुया घेत आला, तिथे एकच सिरिंज स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुन्हा वापरताना त्याने स्वतः पाहिले आहे. पण आईकडून बाळंतपणात, न्हाव्याच्या वस्तऱ्यावरूनही तो येऊ शकतो. तान्हेपणी लागण झाली, तर दहांतल्या नऊ मुलांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. मोठेपणी झाली तर शंभरांतल्या पाचांच्याही नाही. म्हणजे दादाने तो तरुणपणी 'कमावला' असण्यापेक्षा अजाणपणी त्याला तो 'दिला गेला' असण्याची शक्यता अधिक. हे मी मुलीकडच्यांना सांगायला निघाले होते. आईने जाऊ दिले नाही. या विषाणूवर लस आहे, ती घेतलेल्या जोडीदाराला भय उरत नाही, हे सांगणारेही त्या बैठकीत कोणी नव्हते. आज देशाच्या लसीकरणात ही लस बाळाला जन्मतःच द्यायची असते. दादाच्या वेळी आमच्याकडे ती पोचलेली नव्हती.

स्पिरिटच्या बोळ्याने का भागत नाही, हेही सांगते. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. त्याने दूषित सुई चुकून टोचली गेली, तर लस न घेतलेल्या शंभर जणांत तीसपर्यंत माणसांना तो लागू शकतो. हिपॅटायटिस सी तिघांच्या आसपास. आणि ज्याला सगळे भितात तो एच. आय. व्ही. हजारात तिघांना. सुई बदलली आणि सिरिंज तीच ठेवली तरी उपयोग नाही. रक्ताचा न दिसणारा अंश सिरिंजमध्येही ओढला जातो. सन २००० या एकाच वर्षात असुरक्षित सुयांमुळे जगभर सुमारे २ कोटी १० लाख लोकांना हिपॅटायटिस बी झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि हा प्रकार जुना झाला असे मानू नका. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सिरिंजांमुळे काविळीची साथ उसळली आणि कित्येक माणसे दगावली. २०१८ च्या आरंभी उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात, सायकलवरून फिरून स्वस्तात सुया देणाऱ्या एका भोंदूचे प्रकरण उघडकीस आले. चाळीसहून अधिक लोकांच्या रक्तात एच. आय. व्ही. आढळला होता.

सुईच्या दुसऱ्या भावंडाविषयी, व्यसनाविषयी, आपण कुजबुजत बोलतो. १९८९-९० मध्ये मणिपुरात शिरेतून हेरॉईन घेणाऱ्या तरुणांमध्ये एच. आय. व्ही. झपाट्याने पसरला. म्यानमारच्या सरहद्दीवरून अमली पदार्थ सहज येई. सुई मात्र मिळत नसे. मग एकाच सुईभोवती चार मित्र. पदार्थ माणसाचा ताबा घेतो तो वेगळा; पण शिरा खराब होणे, जखमा चिघळणे, रक्तात जंतू जाऊन हृदयाच्या झडपा सडणे, ही दुखणी सुईचीच. शेवटी शहाणपण सुचले ते असे, की या मुलांना तुरुंगाआधी डॉक्टर भेटला पाहिजे. आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात त्यांना नव्या सुया देतात, जुन्या परत घेतात आणि हळूहळू जिभेखालच्या गोळीवर आणतात. पुन्हा गोळीच! आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये 'मुक्तांगण' उभे राहिले, तेही व्यसन हा आजार आहे, गुन्हा नव्हे, या समजुतीवर. दादाच्या 'वळणा'ची चौकशी करणाऱ्यांनाही मला हेच सांगायचे आहे. रक्तातला विषाणू कोणाचे शील तपासून येत नाही. आणि तो शील तपासून आला असता, तरी माणसाला उपचारच हवा असतो.

इतके वाचून कोणी म्हणेल, ही मुलगी सुईच्या जिवावर उठली आहे. तसे नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत एका मरणोन्मुख मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली, तेव्हापासून कोट्यवधी मधुमेही तिच्यामुळे जगत आहेत. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केले पाहा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना, थोड्याशा शाळा शिकलेल्यांना, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्याला जेंटामायसिनची सुई द्यायला शिकवले. तिथला नवजात मृत्यूंचा आकडा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने तो अभ्यास छापला. तीच सुई, अंगणातल्या एका बाईच्या हातात. पण कधी द्यायची, किती द्यायची, कशी स्वच्छ ठेवायची, हे ज्ञान हातात आधी आणि सुई नंतर.

आजीची दुसरी आवड सलाईन. अंगात ताकद नाही म्हटले, की तिला 'बाटली' हवी. अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. ग्लुकोजची घेतली तर पंचवीस ग्रॅम साखर. एखाद्या केळ्यात जेवढी ताकद, तेवढीच. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात साखर-मीठ-पाणी कालवून लोकांना पाजले आणि हजारो जीव वाचवले. शिरेतून द्यायचे ते तोंडातून दिले, आणि जग शिकले.

मला वाटते, आजीला हवी असते ती सुई नव्हेच. एस. टी.चे भाडे, बुडालेला रोजगार, तासभर रांगेत उभे राहणे, या सगळ्याच्या बदल्यात कोणीतरी आपल्यासाठी काही 'केले' असे तिला वाटायला हवे असते. गोळी कागदाच्या पुडीत मिळते. सुई देताना डॉक्टर उठून जवळ येतो, दंड धरतो, 'दुखलं का आजी?' विचारतो. सुईची ती खरी किंमत. ज्या दिवशी आपले डॉक्टर दोन मिनिटे बोलून तेवढाच धीर देतील, त्या दिवशी निम्म्या सुया आपोआप कमी होतील.

तोवर आपण शिकलेल्या मुलामुलींनी एक करावे. घरातल्या माणसाबरोबर दवाखान्यात जावे आणि तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत : "डॉक्टर, यावर गोळी चालणार नाही का? पाकीट आमच्यासमोर फोडाल का? आणि वापरलेली सुई कुठं टाकता?" सरकारी लसीकरणात २००५ पासून अशी सिरिंज आली आहे, जिचा दट्ट्या एकदा दाबला की अडकून बसतो; दुसऱ्यांदा वापरायची सोयच नाही. खाजगीतही ती मागता येते. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

मागच्या महिन्यात आजीबरोबर मी गेले होते. पहिला प्रश्न विचारला. डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. आजी परतीच्या एस. टी.त माझ्याशी बोलली नाही. पण गोळ्या घेतल्या, आणि खोकला गेला. आता ती शेजारणीला सांगते, "कॉलेजातल्या पोरीला संगं न्यावं लागतं बाई, एकटीला बघून डाक्टर नुसती सुईच टोचतोय."